जामीन मिळालेले बंदी

मुंबईच्या आर्थर रोड कारागृहात तुरुंगाधिकारी म्हणून मी नोकरी केली, त्या काळात मनाला सर्वाधिक बोचणारी घटिका कोणती असे कोणी विचारले, तर मी संध्याकाळची बंदी, म्हणजे बराकी बंद करण्याची वेळ, असेच सांगेन. तेव्हा 804 माणसांच्या क्षमतेच्या या तुरुंगात तिच्या तिपटीचौपटीने माणसे कोंडलेली. बराकीबराकींतून त्यांना रांगेने बसवून मोजावे आणि तो आकडा दफ्तरातील आकड्याशी तंतोतंत जुळेपर्यंत शिपायापासून अधीक्षकापर्यंत कोणीही निर्धास्त होऊ नये, असा तेथील शिरस्ता. गणती चुकली की पुन्हा पहिल्यापासून. बोचे ते हे, की या गणतीत जामीन मिळालेली माणसेही असत.

दरवाजापाशी जामिनाच्या हुकमांची पेटी होती, ती नेमलेल्या वेळी उघडे. त्या वेळेनंतर हुकूम आला, तर न्यायालयाने मुक्त केलेला माणूसही ती रात्र आतच काढी. परंतु ज्याचा हुकूम निघूनही बंधपत्र कोणी भरीत नाही, त्याचे दुःख याहून फार मोठे. परप्रांतातून मजुरीला आलेला, किरकोळ चोरीच्या आरोपाखालचा एक तरुण कच्चा कैदी, सुटकेची नावे पुकारली जाताना दररोज आपले अंथरूण गुंडाळून उभा राही; त्याला जामीन मंजूर झाला होता, पण या शहरात त्याच्यासाठी शिधापत्रिका घेऊन न्यायालयात उभा राहील असा जामीनदार नव्हता. त्याच्याकडे पाहताना माझ्या अंगावरील गणवेशाचे मला ओझे वाटे, आणि आजही मी निःशंकपणे म्हणतो की न्यायाधीशाने सोडलेल्या माणसाला केवळ दारिद्र्यापायी डांबून ठेवणे हा अन्याय आहे.

कायदा या बाबतीत मुका नाही. जामीन मंजूर होऊन सात दिवसांत सुटका न झाल्यास अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवास कळवावे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2023 साली फर्मावले. आणि 1 जुलै 2024 पासून अंमलात आलेल्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 नुसार, काही अपवाद सोडले, तर पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या आरोपीने कमाल शिक्षेचा एकतृतीयांश काळ कैदेत काढला असता त्याच्या सुटकेसाठी न्यायालयाकडे लेखी अर्ज करणे हे अधीक्षकाचे कर्तव्य ठरले आहे. मात्र ही कलमे ज्यांच्यासाठी आहेत, त्यांच्यापर्यंत ती पोहोचविणारा माणूस पुष्कळदा नसतो.

म्हणून वाचकांस विनंती एवढीच, की तुमच्या ओळखीतील कोणा गरिबाचा मुलगा आत असेल, तर त्याच्या घरच्यांना जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात घेऊन जा. कोठडीतील माणसाला, त्याचे उत्पन्न काहीही असो, तेथे मोफत वकील मिळतो.