हेड ऑफिस बदललं, शाखा त्याच ठेवल्या



पारनेरच्या जुन्या घरांच्या भिंती दगडमातीच्या, चांगल्या हातभर जाड. उन्हाळ्यात त्यांचा गारवा हवासा वाटतो, पण वायफायला त्या पलीकडे जाऊ देत नाहीत. २०२० साली स्थानकं बंद होती आणि पर्युषणातली प्रवचनं मोबाईलवर ऐकायची वेळ आली. तेव्हा ओसरीवर सगळं नीट चालायचं आणि मागच्या खोलीत सासूबाईंना काही म्हणजे काही ऐकू यायचं नाही. म्हणून मुलाने मेशचा तीन डब्यांचा संच आणला. मुख्य राउटर ओसरीवर फायबरच्या डब्याला जोडलेला, दुसरा डबा माजघरात, तिसरा सासूबाईंच्या दाराशी. तिघांचं नाव एक, पासवर्ड एक.

मी कॉमर्सची. मला हे हेड ऑफिस आणि शाखांसारखं वाटतं. गिऱ्हाईक जवळच्या शाखेत जातं, पण बाहेरचा सगळा व्यवहार हेड ऑफिसमार्फत. यंदा पर्युषणाला चार दिवस असताना वीज दोन-तीनदा गेली-आली आणि हेड ऑफिसच बसलं. शाखांचे दिवे लाल.

मुलगा पुण्यात. म्हणाला, "आई, पर्युषण झालं की येतो, तेव्हा बघू." त्याचंही बरोबर, नोकरी आहे. पण सासूबाई एकोणनव्वद वर्षांच्या. खुब्याच्या ऑपरेशननंतर त्यांना स्थानकात नेता येत नाही आणि त्या खोलीत मोबाईलची रेंजही धड नाही. टॅबवर मांगलिक आणि प्रवचन ऐकणं, एवढाच त्यांचा संघाशी संबंध उरलाय. त्या म्हणाल्या, "माझं काय, मी माळ घेऊन बसेन." त्यांनी कुरकुर केली असती तर मला एवढं लागलं नसतं.

आधी पिन तपासली. विजेच्या झटक्यात पुष्कळदा अडॅप्टरच जातो. आमच्या संचातले तिन्ही अडॅप्टर एकसारखे, म्हणून माजघरातला काढून मुख्य राउटरला लावून पाहिला. दिवा लागला नाही. म्हणजे डबाच गेला होता. (तुम्ही करून पाहाल तर अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि पिन जुळतात का, हे आधी वाचा.)

दुकानात सल्ला मिळाला, "काकू, तीनचा नवा संचच घ्या." दोन डबे धडधाकट असताना? आपण भोगोपभोगाचं परिमाण करतो ते काय फक्त भाज्यांचं आणि साड्यांचं? एकच घ्यायचा ठरवलं. मात्र त्यात एक मेख आहे: दुसऱ्या कंपनीचा डबा आपल्या मेशमध्ये सहसा मिसळत नाही, आणि त्याच कंपनीचासुद्धा जुन्या मॉडेलशी जुळणारा लागतो. तो नगरहून मागवावा लागला. नवा डबा मुख्य करायचा आणि जुने शाखा म्हणून ठेवायचे, कारण नव्याला सुरक्षेचे अपडेट जास्त वर्षं मिळतात.

तो येईपर्यंत दोन दिवस जाणार होते. आमचे तिन्ही डबे एकाच जातीचे, त्यामुळे माजघरातला रीसेट करून त्यालाच तात्पुरतं मुख्य केलं. मुलगा फोनवर होता, बटणं मी दाबत होते. खरी अडचण निघाली ती वेगळीच. इंटरनेटवाल्याने दिलेलं युजरनेम आणि पासवर्ड जुन्या राउटरच्या पोटात, आणि अॅपचं खातं मुलाच्या ईमेलवर. घर आम्ही चालवतो, बिल आम्ही भरतो आणि किल्ली पुण्यात! इंटरनेटवाल्याला फोन करून ते दोन्ही लिहून घेतलं आणि नव्या डब्याची नोंदही त्याच्याकडे करून घेतली. काहींकडे जुन्याच डब्याचा नंबर नोंदलेला असतो, मग सगळं बरोबर करूनही नेट येत नाही. नव्या खात्याची मालक मी, मुलगा व्यवस्थापक. सगळं वहीत उतरवलं. दुधाच्या हिशेबाचीच वही आहे.

एक युक्ती सांगते. नव्या नेटवर्कला नाव आणि पासवर्ड जुनाच द्या, अक्षरंसुद्धा तीच. टीव्ही, टॅब, दारावरचा कॅमेरा, सगळे आपोआप जोडले गेले. नाव बदललं असतं तर प्रत्येक वस्तूपुढे जाऊन पासवर्ड घालत बसावं लागलं असतं. फायबरच्या डब्याचं स्वतःचं वायफाय मात्र बंद करून घ्या, नाहीतर फोन मधूनच त्याला जाऊन चिकटतो. पर्युषणाच्या पहिल्या दिवशी सासूबाईंनी प्रवचन पूर्ण ऐकलं.

संध्याकाळी त्यांनीच मला अडवलं. "सामायिकात आपण दिव्याला हात लावत नाही. आणि हा चोवीस तास जळतोय, त्याचं काय?" तेजस्कायाचा विषय त्या हसण्यावारी नेऊ देत नाहीत. साधू-साध्वीजी या सगळ्यापासून दूर राहतात ते उगीच नाही. नेटमुळे धर्म वाढला, असं काही जणी म्हणतात, ते मला पटत नाही. जी स्थानकात जाऊ शकते तिने जावं. पण अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या बाईला जिनवाणी ऐकू येत असेल तर तेवढा दोष मी माझ्या खात्यावर घेईन, असं त्यांना म्हटलं. त्यांनी मान हलवली नाही. म्हणून अॅपमध्ये वेळ लावली: सूर्यास्तापासून प्रतिक्रमण होईपर्यंत नेट बंद, रात्री दहा ते पहाटे पाचही बंद. पण डबा तरी चालूच राहतो, हे सासूबाईंनी बरोबर ओळखलं. आता रात्री मुख्य बटणच बंद करते. कॅमेराही त्याबरोबर बंद होतो, यावरून आमच्या ह्यांची कुरकुर चालू आहे.

मेलेला राउटर कचऱ्याच्या गाडीत टाकला नाही. २०२२ च्या ई-कचरा नियमांनुसार अशा वस्तूंच्या पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकांवर आहे, त्यामुळे ती नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे गेलेली बरी. पुण्यात असं केंद्र मुलाने शोधलंय. चालू अवस्थेतला राउटर कुणाला देणार असाल तर आधी रीसेट करा, नाहीतर घराचा पासवर्ड त्याच्याबरोबर जाईल. आमचा तर चालूच होत नाही, म्हणून मुलगा केंद्रावर तो डोळ्यांदेखत फोडून घेणार आहे. तोवर तो फडताळात, रद्दीच्या पिशवीशेजारी.