हिशेबातला माळवा

‘‘चौघांचे ५२ हजार. रेल्वेचं तिकीट वेगळं.’’ ट्रॅव्हल्सवाल्याने कॅल्क्युलेटर आमच्याकडे फिरवून दाखवला आणि आमचे हे खुर्चीतून उठलेच. इंदूर, धार, मांडू, उज्जैन, देवास अशी पाच गावं, पाच दिवस, दिमतीला गाडी आणि हॉटेलं. बेत छान होता, पण आमच्या खिशाच्या मापाचा नव्हता.

हा सगळा घाट होता मामंजींसाठी. माझे सासरे बेळगाव जिल्ह्यातल्या एका कन्नड शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, वय ७८. आयुष्यात त्यांनी कधी काही मागितलं नाही. गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा दवाखान्यातल्या खाटेवर पडल्या पडल्या एवढंच म्हणाले, ‘‘ओम्मे देवास नोडबेकु.’’ देवास का, हे आमच्या घरात कुणाला विचारावं लागत नाही. सुळेभावीच्या कोमकलीमठांच्या घरी १९२४ साली जन्मलेला शिवपुत्र हा मामंजींच्या लेखी ‘नम्म हुडुग’. जग त्यांना कुमार गंधर्व म्हणून ओळखतं. फुप्फुसाच्या क्षयाने बेजार झालेले कुमारजी १९४८ च्या जानेवारीत कोरड्या हवेसाठी देवासला गेले आणि १२ जानेवारी १९९२ ला गेले ते तिथेच. रेडिओवर त्यांचं भजन लागलं की मामंजी आजही हातातला चहा खाली ठेवतात.

तेव्हा जायचं हे ठरलेलंच होतं, प्रश्न फक्त पैशाचा होता. मी वही काढली आणि रेल्वे सोडून १५ हजारांची रेघ मारली. त्याच सुमारास जर्मनीत शिकणाऱ्या आमच्या भाच्याचा फोन आला. हा पठ्ठ्या सुट्टीत चार-चार देश फिरतो, तेही विद्यार्थ्याच्या पैशात. म्हणाला, ‘‘मामी, तीन गोष्टी लक्षात ठेव. रात्रीच्या गाडीने जायचं म्हणजे एका रात्रीचं भाडं वाचतं. प्रत्येक गावात बिऱ्हाड थाटायचं नाही, एका गावात मुक्काम करून आजूबाजूला फिरायचं. आणि ज्या गावात टूरिस्ट राहत नाहीत तिथे राहायचं.’’ युरोपातली अक्कल माळव्यात चालेल का, अशी शंका होती. पण नकाशा उघडला आणि चालेल असं वाटलं. देवासपासून इंदूर आणि उज्जैन ही दोन्ही गावं साधारण ३५ ते ४० किलोमीटरवर. लोक राहतात इंदूरला किंवा महाकालच्या पायाशी. देवास हे कारखान्यांचं गाव, भारताच्या नोटा छापणारी बँक नोट प्रेस तिथलीच. तिथे लॉज मिळतं आणि परवडतंही.

रेल्वेचं मात्र नीट समजून घ्यावं लागलं. ज्येष्ठांना तिकिटात मिळणारी सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, त्यामुळे तिथे बचत नाही. पण खालच्या बर्थचा वेगळा कोटा आहे. ६० वर्षांवरचे पुरुष आणि ४५ वर्षांवरच्या बायका त्यात बसतात. अट अशी की एका तिकिटावर एकच किंवा फार तर असे दोघेच प्रवासी हवेत. चौघांचं एकत्र तिकीट काढलं असतं तर हा कोटा हातचा गेला असता. म्हणून माझं आणि मामंजींचं एक तिकीट, ह्यांचं आणि आमच्या धाकटीचं दुसरं. हल्ली आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्याच दिवशी सकाळी बसून काढलं. बेळगावहून मिरजमार्गे पुणे आणि पुण्याहून दुपारी निघणारी इंदूरची गाडी. रात्र गाडीत, सकाळी इंदूर. भाच्याचा पहिला धडा पास झाला!

इंदूरला उतरल्यावर देवास-उज्जैनकडच्या बस सरवटे स्टँडवरून, स्टेशनपासून चालत जाण्याइतक्या जवळ. धार-मांडूकडच्या मात्र गंगवाल स्टँडवरून, तिथे रिक्षाने जावं लागतं. आम्ही धार आधी आणि देवास शेवटी असा क्रम लावला होता. गोडाचा घास शेवटी, या हिशेबाने.

आपल्याकडच्या माणसाला माळव्यात एक गोष्ट जाणवते, ती म्हणजे लाल एसटी दिसत नाही. मध्य प्रदेशचं एसटी महामंडळ २००५ साली बंद करायचं ठरलं आणि रस्ते खासगी बसवाल्यांकडे गेले. गाड्या भरपूर, भाडं बेताचं, पण गाडी भरल्याशिवाय सुटत नाही आणि मध्ये कुठे किती थांबेल याचा नेम नाही. आम्हाला मागच्या चाकावरची सीट मिळाली. धारला पोचायला दोन तासांच्या वर लागले. मामंजी खिडकीला डोकं टेकून गप्प बसले होते. मला वाटलं, बाहेरचा गहू बघताहेत.

धार हे पवारांचं गाव. तिथल्या किल्ल्यात १७७५ साली दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला. मुंबईच्या गिरगाव चौपाटीवरचा टिळकांचा पुतळा घडवणारे शिल्पकार रघुनाथ कृष्ण फडके पुढे याच गावात येऊन राहिले. १४०५ साली दिलावरखानाने बांधलेल्या लाट मशिदीच्या आवारात एका प्रचंड लोहस्तंभाचे तीन तुकडे आहेत. ते जोडले तर स्तंभ सुमारे १३ मीटरचा होईल, म्हणजे दिल्लीच्या प्रसिद्ध लोहस्तंभापेक्षा कितीतरी उंच. धाकटीने तुकड्याशेजारी उभं राहून आपली उंची मोजली. मी मनात दुसरंच मोजत होते. दुपारपर्यंत फक्त ९०० रुपये खर्च झाले होते आणि मी स्वतःवर खूश होते.

लॉजही मी स्वस्तातलं धरलं होतं. चौघांत एक खोली, जास्तीची गादी, ११०० रुपये. खोली दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही, हे तिथे गेल्यावर कळलं. फोनवर मी भाडं विचारलं होतं, मजला विचारला नव्हता. मामंजी एकेक पायरी धरत वर गेले आणि म्हणाले, ‘‘रात्री मला जेवायला नको. तुम्ही जाऊन या.’’ आम्ही जेवून आलो तर ते पलंगाच्या कडेला बसलेले, ओठ कोरडे, उठायला गेले आणि झोक गेला. ह्यांनी धरलं म्हणून बरं.

रात्री ११ वाजता रिक्षा करून डॉक्टर गाठला. त्यांनी तपासलं आणि पहिलाच प्रश्न केला, ‘‘बाबूजी, आज पानी कितना पिया?’’ मामंजी खाली बघायला लागले. मग कळलं की आदल्या दुपारपासून त्यांनी जेमतेम दोन-तीन घोट पाणी घेतलं होतं. गाडीत सारखं उठावं लागेल, बस वाटेत थांबवायला सांगावं लागेल, सुनेला संकोच होईल, म्हणून प्यायलेच नाहीत. सीट चाकावरची होती, गुडघा दुखत होता, तेही बोलले नाहीत. मी वहीत वाचवलेले रुपये लिहीत होते, आणि त्यातले निम्मे ते आपल्या अंगावर काढत होते.

डॉक्टरांनी सलाइन लावलं, दुसरा दिवस विश्रांती सांगितली. खोलीवर परत न जाता आम्ही दुसऱ्या लॉजमध्ये तळमजल्यावरची खोली घेतली. मला रात्रभर झोप नाही. सकाळी ह्यांनी विषय काढला, ‘‘इथूनच घरी फिरू या.’’ मी मान डोलावली. तेवढ्यात पलंगावरून आवाज आला, ‘‘देवास नोडि होगोण.’’ एवढंच बोलले. थोड्या वेळाने पुढे म्हणाले, ‘‘उज्जैन राहू दे. महाकाल पुढच्या वेळी बघू.’’ रोज कपाळाला विभूती लावणारा माणूस महाकाल सोडायला तयार होता, देवास नाही.

मग मी वहीतलं पान फाडलं आणि नव्याने मांडलं. मांडूच्या धर्मशाळेतला मुक्काम रद्द, उज्जैन रद्द. धार–मांडू–देवास अशी दिवसभराची गाडी ठरवली, ४५०० रुपये. घासाघीस केली नाही. फक्त ‘बाबा सांगतील तिथे थांबायचं’ एवढी एकच अट घातली. गाडीवाला भला निघाला, दर तासाला स्वतःच विचारायचा. धारहून मांडू साधारण ३५ किलोमीटर. जहाज महालाच्या दोन्ही अंगांना तलाव, वाटेत खुरासानी चिंचेची, म्हणजे गोरखचिंचेची, पोट सुटल्यासारखी झाडं. रूपमतीच्या महालाची चढण मामंजींनी चढली नाही. खाली झाडाखाली बसून त्यांनी गाडीवाल्याला बसवण्णांची गोष्ट सांगितली, मोडक्या हिंदीत. तोही मान डोलावत होता.

देवासला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. या गावाची गंमत आपल्या सीमाभागातल्या माणसाला लगेच कळते. पवारांच्या दोन भावांनी इथे दोन संस्थानं केली, थोरली पाती आणि धाकटी पाती. एकाच गावात दोन राजे, दोन कारभार आणि गावातूनच जाणारी हद्द. १९४८ साली दोन्ही पात्या मध्यभारतात विलीन झाल्या. वर टेकडीवर देवीही दोन, तुळजाभवानी आणि चामुंडा, लोक त्यांना बडी माता आणि छोटी माता म्हणतात. दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे-जिलबी खाऊन आम्ही रोपवेने टेकडीवर गेलो. पायऱ्यांनी गेलो असतो तर ते तिकीट वाचलं असतं. पण असल्या बचतीतून माझं मन आता उठलं होतं.

टेकडीच्या पायथ्याशीच ‘भानुकुल’, कुमारजींचं घर. ते कुणाच्या तरी राहत्या घरासारखं घर आहे, तिकीट काढून बघायची जागा नव्हे, म्हणून आम्ही रस्त्यावरच थांबलो. याच गावात डॉक्टरांनी त्यांना गाणं बंद करायला सांगितलं होतं. खाटेवर पडून ते माळव्यातल्या बायकांची लोकगीतं ऐकत राहिले, आणि पुढे स्ट्रेप्टोमायसिनने बरे झाल्यावर ती त्यांच्या गाण्यात आली. कन्नड घरातला मुलगा, गुरू मुंबईचे, गाणं हिंदी-मराठी-माळवी. मामंजी काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. मी पाण्याची बाटली पुढे केली. त्यांनी निम्मी संपवली, तोंड पुसलं आणि म्हणाले, ‘‘साकव्वा. बंद्वि, नोडिद्वि.’’

लॉजचे मिळून ७७०० रुपये, गाडी ४५००, बस-रिक्षा १९००, जेवणखाण ४८०० आणि डॉक्टर-औषध ७००. एकूण १९,६००. ठरवल्यापेक्षा ४६०० जास्त, ट्रॅव्हल्सवाल्यापेक्षा निम्म्याहूनही कमी.

तुम्ही जाणार असाल तर थोडं सांगते. रात्रीची रेल्वे, देवासचा मुक्काम आणि एखादं गाव कमी करणं, यांत खरी बचत आहे आणि त्याचा त्रास कुणाला होत नाही. मांडूत पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंना १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नसतं. २०२८ मध्ये उज्जैनला सिंहस्थ आहे, तेव्हा भाडी चढतील, त्याच्या आधी जाऊन या. लॉजला फोन करताना भाड्याआधी मजला विचारा. आणि बरोबर कुणी म्हातारं माणूस असेल तर वहीत एक रकाना त्यांच्या पाण्याचा ठेवा. ते स्वतः मागणार नाहीत.

मामंजी परवा विचारत होते, महाकालचं पुढच्या वर्षी जमेल का. मी नवी वही आणली आहे.