डोळ्यांच्या जागी यंत्र

टोकियो शहरातील कोतो हा विभाग बऱ्याच अंशी समुद्रात भराव घालून मिळविलेल्या भूमीवर वसलेला आहे. तेथील तोयोसू स्थानकातून ‘युरिकामोमे’ नावाची गाडी शिंबाशीकडे सुटते. युरिकामोमे हे खरे म्हणजे एका समुद्रपक्ष्याचे नाव. उंच बांधलेल्या काँक्रीटच्या मार्गावरून ही गाडी रबरी चाकांवर धावते आणि तिला चालक नसतो. त्यामुळे चालकाची जागा प्रवाशालाच मिळते. तेथे बसून, पुढल्या काचेला मुठीएवढा ॲक्शन कॅमेरा टेकवून १४.७ किलोमीटरांची ती वाट टिपण्याची हौस पुष्कळांना आहे.

अशा चित्रफितीत गाडी दिसत नाही, प्रवासीही दिसत नाही. भिंग रुंद असल्यामुळे मध्यभागी दूरच्या इमारती जागच्या जागी उभ्या वाटतात, तर कडेचे खांब सपासप मागे पळतात; वेगाचा सारा भास त्या कडांवर अवलंबून असतो. १९९३ साली खुला झालेला रेनबो पूल ओलांडल्यावर गाडी खाली उतरण्यासाठी मोठा वळसा घेते. त्या वेळी घरी खुर्चीत बसून पाहणाऱ्यास आपण वळतो आहोत असे न वाटता सारे शहरच आपल्याभोवती फिरते आहे असे वाटते. ही किमया काही आजची नव्हे. १८९७ साली अमेरिकेत आगगाडीच्या पुढे कॅमेरा ठेवून हॅवरस्ट्रॉ बोगद्याचे असेच चलच्चित्र घेण्यात आले होते.

मॉरिशसच्या मराठी माणसाने हे पाहावे आणि मग मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपलेली शर्तबंद मजुरांची छायाचित्रे आठवावीत. तेथे कॅमेरा सरकारचा आहे आणि मजूर त्याच्यापुढे उभा आहे. त्याचा चेहरा आपल्याला मिळाला, त्याचा क्रमांक मिळाला. त्याच्या डोळ्यांना काय दिसले हे मात्र कोणी विचारले नाही.

आज एखाद्या पणतूने कपाळावर कॅमेरा बांधून आप्रवासी घाटाच्या सोळा पायऱ्या चढल्या, तर प्रत्येक दगड स्वच्छ उमटेल. परंतु कित्येक आठवडे डोलत्या जहाजावर काढलेल्या पायांना त्या पायऱ्या हलत्या भासल्या असतील. आणि हल्लीच्या कॅमेऱ्यात तर असले सारे हिसके आपोआप काढून टाकण्याची सोय असते.