धाग्यातील ताण आणि पडद्यावरचे हात

चक्रीशिवाय, केवळ काठी, दोरी आणि पिसांनी मढवलेला गळ एवढ्या साधनांवर डोंगरी ओढ्यातील मासे गरवण्याच्या जपानी पद्धतीला तेन्कारा म्हणतात. ही पद्धत शिकवणाऱ्या चित्रफिती आता विपुल झाल्या आहेत. तरीही त्यांपैकी बहुतेकींत एका गोष्टीची उणीव सारखीच भासते, आणि ती गोष्ट म्हणजे ताण. कॅमेऱ्याला वस्तूची जागा टिपता येते, तिचा आकार, रंग आणि वेगही टिपता येतो. परंतु बांधणाऱ्याच्या बोटांत धागा किती ओढलेला आहे, किंवा ओढ्यात उभ्या असलेल्या माणसाच्या हाताला दोरी किती खेचते आहे, हे टिपण्याचे थेट साधन त्याच्यापाशी नाही. ही कला मात्र जवळजवळ सर्वस्वी या ओढीच्या जाणिवेवर उभी आहे. प्रस्तुत लेखकाच्या चित्रफितींचा बहुतांश काळ या एकाच अडचणीभोवती घुटमळण्यात गेला असून, अलीकडे तिने जे वळण घेतले ते फारसे सुखावह नसल्यामुळेच तिच्याविषयी लिहिणे आवश्यक झाले आहे.

केबारी, म्हणजे वर उल्लेखिलेला मढवलेला गळ, अनेक प्रादेशिक प्रकारांत आढळतो. त्यांपैकी सर्वाधिक परिचित झालेला साकासा केबारी हा प्रकार उलट्या पिसाचा आहे. पाश्चात्त्य पद्धतीच्या ‘ओल्या माशीत’, म्हणजे पाण्याखाली खेळवायच्या मढवलेल्या गळात, दांड्याभोवती गुंडाळलेल्या पिसाचे तंतू मागे, गळाच्या वाकाकडे झुकतात, तर साकासा केबारीत ते पुढे, नेढ्याकडे झुकलेले असतात; त्यामुळे काठीच्या टोकाने हलकी ओढ दिली की ते पाण्याच्या दाबाने मिटतात, ओढ सोडली की पुन्हा उघडतात, आणि या उघडझापीमुळे गळ जिवंत कीटकासारखा भासतो. तंतूंचा हा झुकाव पिसाच्या लगत मागे घातलेल्या धाग्याच्या वेढ्यांवर टिकून असतो. वेढे सैल पडले तर पीस दांड्याभोवती फिरू लागते. फाजील घट्ट पडले तर किजी, म्हणजे जपानी फेझंट, या पक्ष्याच्या मादीच्या मऊ पिसाचा कणा चेमटतो आणि तंतू वाटेल तिकडे पांगतात. पूर्वीच्या गळांना तर नेढेही नसे. दांड्यावर रेशमाचा छोटा फास बांधून त्यात दोरी अडकवीत, म्हणजे मासा हाती येईपर्यंतचा सगळा भार त्या मूठभरही नसलेल्या वेढ्यांवर येई. त्यातच जुने बांधणारे व्हाइस, म्हणजे गळ पकडून ठेवणारा शिकंजा, न वापरता गळ डाव्या हाताच्या चिमटीत धरत, त्यामुळे धागा ओढणारा हात आणि त्या ओढीला तोलणारा हात अशी दोन्ही टोके जिवंत असत, आणि ताण हा त्या दोन हातांतला खासगी व्यवहार राही.

चित्रफीत पाहून शिकलेल्या विद्यार्थ्यांनी बांधलेल्या केबारी तपासल्या असता या व्यवहाराचा अभाव तत्काळ लक्षात येतो. वेढ्यांची संख्या बरोबर असते, पिसाची जागा बरोबर असते, मोराच्या पिसाच्या तंतूंचे किंवा झेनमाई नेच्याच्या लवीचे अंगही प्रमाणबद्ध असते, आणि तरीही नखाने हलकेच ढकलताच पीस सबंध गोल फिरते. असा विद्यार्थी निष्काळजी नसतो. चित्रफितीने जे दाखवले ते त्याने बिनचूक उचललेले असते, आणि जे तिने दाखवलेच नाही ते त्याच्यापर्यंत पोहोचण्याचा मार्गच नसतो.

ताण पडद्यावर आणण्याचे जे उपाय सुचतात ते सगळे आडवळणाचे आहेत. रेशमी धागा ताठ ओढला गेला की त्यावर बाजूने पडणारा प्रकाश एका अखंड रेषेत पळतो आणि तो सैलावला की ती रेषा जागोजागी तुटते, म्हणून दिवा धाग्याला जवळजवळ समांतर ठेवून पाहता येतो. परंतु मेण लावलेल्या धाग्यावर ही चकाकी मंदावते आणि मेण सोडायला कोणताही जुना बांधणारा तयार होत नाही. धागा धरलेल्या अंगठ्याच्या नखाखालचा भाग दाबाने पांढुरका होतो, हे त्याहून विश्वसनीय चिन्ह आहे; मात्र ते नख कॅमेऱ्याकडे वळवायचे म्हटले की मनगट अवघडते, आणि अवघडलेल्या मनगटाने दिलेला ताण मुळात खराच राहत नाही. ताठ धागा सुईने छेडला असता सूक्ष्म नाद निघतो आणि ताण वाढेल तसा तो चढत जातो. तो ध्वनिमुद्रित करायचा तर मायक्रोफोन चौकटीत शिरतो, शिवाय धागा छेडत छेडत केबारी कोणी बांधत नाही. ताणमापक लावून पडद्याच्या कोपऱ्यात आकडा दाखवावा, अशीही सूचना येते. परंतु आकडा डोळ्याला समजतो, बोटाला नव्हे. त्यातल्या त्यात उपयोगी ठरलेली युक्ती म्हणजे धागा पडद्यावर मुद्दाम तुटेपर्यंत ओढणे. तुटण्याच्या क्षणी गळ चिमटीत उसळतो, पाहणारा दचकतो, आणि या मर्यादेच्या किंचित अलीकडे थांबावयाचे आहे एवढे एक माप त्याच्या हाती लागते, जे तो आपल्याच धाग्यावर पडताळून पाहू शकतो. तरीही ही केवळ वरची सीमा झाली. प्रत्येक वेढ्यागणिक ताण कसा चढतो, पिसाच्या कण्यावरून जाताना तो कसा क्षणभर सोडला जातो आणि लगेच परत घेतला जातो, याविषयी तुटलेला धागा काहीच सांगत नाही.

ओढ्यावर हीच अडचण अधिक विस्तृत रूपात पुढे येते. यामामे, अमागो आणि इवाना या थंड पाण्याच्या माशांच्या शिकारीला जपानच्या बहुतेक भागांत साधारणपणे ऑक्टोबर ते फेब्रुवारी बंदी असते, म्हणून बांधणीच्या चित्रफिती हिवाळ्यात आणि पाण्यावरच्या मार्च ते सप्टेंबरमध्ये कराव्या लागतात. तेन्काराची काठी साधारण ३.६ मीटर लांब असते आणि तिच्या टोकाला बांधलेली दोरी शक्य तितकी पाण्याबाहेर उचलून धरायची असते, कारण वेगवेगळ्या वेगाच्या प्रवाहांवर ती टेकली की गळ अनैसर्गिकपणे ओढला जातो. अशा अधांतरी दोरीला जो बारीक झोळ पडतो त्यातच सगळी माहिती असते: झोळ नाहीसा झाला तर गळ फरफटतो, तो वाढला तर माशाने गळ तोंडात घेऊन थुंकून टाकला तरी कळत नाही. पतंगाचा दोर बोटावर तोलणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. कॅमेऱ्याचे तसे नाही. सध्या प्रचलित असलेली फ्लोरोकार्बनची दोरी सुमारे ०.३ मिलिमीटर जाडीची असते. ओढ्याची ८ मीटर रुंदी चौकटीत घेतली, तर ३८४० बिंदू रुंदीच्या चित्रात एका बिंदूच्या वाट्याला २ मिलिमीटरहून थोडे अधिक अंतर येते, म्हणजे दोरी एका बिंदूचा जेमतेम सातवा भाग व्यापते. ती दिसते ती केवळ मागच्या काळोख्या कड्यावर उन्हाने उजळली तर, आणि तेव्हाही तिचा झोळ दिसतो की लुकलुकणाऱ्या बिंदूंचा भास, हे सांगणे कठीण होते. पाण्यावरची चकाकी काढण्यासाठी ध्रुवीकारक काच लावावी, तर मासा दिसू लागतो. पण दोरी पाण्याला जिथे टेकते तिथली सुरकुती पुसट होते आणि घळीतल्या आधीच अपुऱ्या प्रकाशातील निम्म्याहून अधिक प्रकाश वाया जातो. सेकंदाला १२० चौकटी घेऊन २४ च्या गतीने दाखवण्याचा मोह सर्वांनाच होतो. तसे केल्याने सासोई, म्हणजे गळाला लयीत दिलेल्या हलक्या ओढींनी माशाला भुलवणे, पाचपट संथ आणि पाचपट सुंदर दिसते; मात्र जी लय शिकवायची होती तीच त्यात नष्ट झालेली असते.

जुन्या नोंदींतही या बाबतीत हाती काही लागत नाही. तेन्काराचा सर्वांत जुना लिखित उल्लेख म्हणून ज्याचा निर्देश केला जातो तो ब्रिटिश मुत्सद्दी अर्नेस्ट सॅटो यांच्या १८७८ सालच्या प्रवासनोंदीतला आहे आणि त्यात मासा व स्थळ आहे, हात नाही. ज्यांनी ही पद्धत घडवली ते शोकुर्योशी, म्हणजे मासे धरून उष्ण झऱ्यांकाठच्या विश्रामगृहांना विकणारे व्यावसायिक, लिहिणारे लोक नव्हते. त्यांच्या केबारी ओबडधोबड, हाताशी आलेल्या पिसांच्या, झपाट्याने बांधलेल्या असत, कारण वेळ माशांसाठी होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यामामोतो सोसेकी यांच्यासारख्या लेखकांनी ही पद्धत हौशी वाचकांपर्यंत नेली. पुढे इशिगाकी हिसाओ यांनी २००९ साली अमेरिकेतील कॅट्सकिल येथे तिचे प्रात्यक्षिक दिले, त्याच वर्षी त्या देशात तेन्काराची साधने विकणारी पहिली कंपनी निघाली, आणि २०१४ मध्ये इव्हाँ श्विनार्ड यांच्या सहलेखनातून साध्या गळशिकारीवरचे पुस्तकही आले. एकच केबारी सर्वत्र पुरेशी आहे, हे इशिगाकी यांचे मत कॅमेऱ्याला विलक्षण सोयीचे ठरले, कारण चित्रफितीला एकच वस्तू हवी असते. त्यांच्या मताच्या बाजूने भक्कम अनुभव आहे. ज्यांनी ते केवळ घोषवाक्य म्हणून उचलले त्यांच्या बाजूने मात्र ड्रोन, पियानो आणि धुक्यातली पहाट यांखेरीज फारसे काही आढळत नाही. अशा चित्रफितींत माणूस नेहमी कड्यावर उभा असतो, मासा नेहमी ओल्या तळहातावर असतो, आणि या दोहोंच्या मध्ये जे घडले ते संपादनात गळालेले असते.

ही टीका करणाऱ्याचा पडदाही सौंदर्याच्या हव्यासापासून मुक्त नाही. कानाझावाची कागा केबारी ही सोन्याचा वर्ख लावलेली, आयु या नदीतल्या माशासाठी बनणारी नाजूक वस्तू डोंगरी केबारीच्या परंपरेत बसत नाही, तरी ती प्रस्तुत लेखकाच्या एकाहून अधिक चित्रफितींत आली आहे आणि तिच्या येण्याला ती भिंगाखाली अप्रतिम दिसते यापलीकडे कोणतेही कारण नव्हते. हातांचे तर त्याहून वाईट. पडद्यावर दिसणारे हात लेखकाचे स्वतःचेच असल्यामुळे, चित्रणाच्या आदल्या संध्याकाळी नखे घासली जातात, बाह्या विशिष्ट उंचीवर दुमडल्या जातात, आणि वेढे घालण्याची एक संथ, डौलदार रीत हळूहळू अंगी भिनत गेली आहे, जी आता कॅमेरा नसतानाही सुटत नाही. शोकुर्योशीच्या झपाट्याशी या डौलाचे काही नाते नाही. एका तरुण चित्रफीतकाराचे हात याहून स्थिर आहेत. त्याच्या चित्रफितींतही ताण दिसत नाही, या निरीक्षणात समीक्षेइतकाच मत्सर आहे.

साठीनंतर हाताला जो बारीक कंप येतो तो भिंगाखाली लपत नाही, कारण वस्तू जितकी मोठी दिसते तितकाच कंपही मोठा दिसतो. प्रारंभी असे तुकडे वगळले जात आणि स्थिर तुकडे निवडले जात. पुढे स्थिर तुकडे दुर्मीळ झाल्यावर वगळलेल्यांकडे नाइलाजाने पाहावे लागले. त्यांत असे आढळले की धागा सैल असताना उजव्या हाताचा कंप धाग्यातच जिरतो आणि पीस निश्चल राहते, पण धागा ताठ होताच तो कंप जसाच्या तसा गळापर्यंत पोहोचतो आणि पिसाच्या तंतूंची टोके थरथरू लागतात. पिसाच्या कण्यावरून जाताना ताण सोडला की थरथर थांबते, परत घेतला की पुन्हा सुरू होते. प्रत्येक वेढ्याचा ताण असा तंतूंच्या टोकांवर वाचता येतो, आणि तोही दिवा, मायक्रोफोन किंवा मापक यांपैकी कशाचीही मदत न घेता. स्थिर हाताला हे दाखवता येणे शक्यच नव्हते. ज्या विद्यार्थ्यांना हे तुकडे दाखवले त्यांनी कंपाविषयी काही न विचारता थेट ताणाविषयी प्रश्न विचारले, याचे समाधान वाटले आणि किंचित वैषम्यही वाटले, कारण इतक्या डौलाने घातलेल्या वेढ्यांविषयीही कोणी काही विचारले नाही.

हे तुकडे आता अंतिम चित्रफितीत राहणार आहेत. त्यांच्यावरील निवेदनात भिंगामुळे सूक्ष्म कंपही मोठा दिसतो, असे एक वाक्य घातलेले आहे. ते शास्त्रीयदृष्ट्या अचूक आहे, आणि ते घालण्यामागचा हेतू शास्त्रीय नाही. ओढ्यावर मात्र या कंपाचा उपयोग होत नाही. काठीच्या लांबीमुळे तो टोकाशी कित्येक पटींनी वाढतो, आणि न दिलेली सासोई गळाला मिळत राहते. त्यावर तूर्त सापडलेला उपाय कोपर बरगडीला टेकवून काठी धरणे हा आहे. त्याने दोरीचा झोळ बराच स्थिरावतो. परंतु असे उभे राहणे पडद्यावर म्हातारपणाचे दिसते, आणि म्हणून पाण्यावरच्या नव्या दृश्यांत चौकट मनगटापासून पुढे सुरू होते.