मत्सीबाईंस अनावृत पत्र

गुंजी, ता. खानापूर, जि. बेळगाव

॥ श्री माउली प्रसन्न ॥

पाण्यातल्या साती आसरांपैकी मत्सीबाई यांस शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आपल्या नावाआधी सौ. लिहावं की कु., हे मला ठरवता आलं नाही. हिरवा चुडा घेता, कुंकू घेता, सात बहिणी एका ठिकाणी नांदता, आणि नवऱ्याचा पत्ता कुणी विचारत नाही. म्हणून नुसतं नाव लिहिलं. यापुढं 'आपण'ही सोडते. विहिरीच्या काठावर जिच्याशी बोलत लहानाची मोठी झाले, तिला तूच म्हणणार.

इकडील सर्व क्षेम. कणकुंबीकडून मलप्रभेला तांबडं पाणी आलंय. हब्बनहट्टीचा स्वयंभू मारुती पाण्याखाली गेलाय, तो दर पावसाळ्यात जातो. भात लावून झालं की माणसं घरात बसतात आणि पोरींच्या हातात मोबाइल येतो. माझी भाची रात्र रात्र जागून मत्स्यकन्यांच्या प्रेमकथा वाचते. पाण्याखालची राज्यं, ग्रीक देवी, शापातला राजपुत्र आणि स्वतःचं सिंहासन स्वतः मिळवणारी शेपटीवाली नायिका. मीही त्यातल्या बऱ्याच वाचल्या आणि मनापासून आवडल्या. ज्या मुलीला संध्याकाळी सातनंतर स्टँडवर थांबायची मुभा नाही, तिला अख्खा समुद्र आपला वाटावा, यात वावगं काय आहे?

माझी तक्रार वेगळी आहे. या कथांत तू कुठंच नाहीस.

हान्स अँडरसननं 1837 मध्ये डेन्मार्कात एक मत्स्यकन्या लिहिली. राजपुत्रासाठी तिनं शेपटी दिली, जीभ कापून दिली, आणि त्यानं लग्न दुसरीशीच केलं. तेव्हापासून लिहिणाऱ्या बाया तिला तिचा आवाज परत मिळवून देतायत. चांगलं काम आहे ते. पण बाई, तुझ्या गोतावळ्यातल्या कुणी आपला आवाज असा देऊन टाकला होता का? ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात अप्सरा उर्वशी आणि राजा पुरूरव्याचा संवाद आहे, अठरा ऋचांचा. तो परत चल म्हणून काकुळतीला येतो आणि ती नाही म्हणते. शतपथ ब्राह्मणात तर ती तळ्यात सख्यांबरोबर पाणपक्षी होऊन पोहत असते आणि राजा काठावर उभा. गंगेनं शंतनूला आधी अट घातली, अट मोडली त्या दिवशी ती निघाली. सत्यवतीची आई अद्रिका ही शापानं मासळी झालेली अप्सरा. त्या मासळीच्या लेकीनं नावेत पराशरासारख्या ऋषीकडून आधी वर मागून घेतले. वसंत कानेटकरांनी 1964 साली तिला 'मत्स्यगंधा'त रंगभूमीवर आणलं, आशालता वाबगावकरांनी ती उभी केली, आणि त्या नाटकाची पदं अजून घराघरांत म्हटली जातात. म्हणजे मराठी माणसाला पाण्यातली बाई परकी नाही. मग ती तिथंच का थांबली?

तुम्हा बहिणींची नावं आजी एका दमात म्हणायची. मत्सी, कूर्मी, कर्कटी, दर्दुरी, जतुपी, सोमपा, मकरी. मासळी, कासवी, खेकडी, बेडकी, मगर, सगळं पाणी त्या नावांत होतं. आमच्या विहिरीच्या कठड्याला लागून तुमचे सात दगड होते. वीतभर उंचीचे, शेंदराची पुटं चढून कडा गेलेले, डावीकडचा जरा कललेला. बाळंतीण सव्वा महिन्यानं पहिल्यांदा पाण्याला जायची ती आधी तुमच्यापाशी. खण, नारळ, हिरव्या बांगड्या, केळीच्या पानावर दहीभात. तिथं भटजी नसायचा आणि पुरुषांचं काम नसायचं. आजी ओटी भरायची आणि पाण्यात बघून म्हणायची, लेकीला सांभाळ गे. त्या ओल्या काठावर बायका जे बोलायच्या ते घरात कधी बोलल्या नाहीत. सासूचं, नवऱ्याचं, मन दुसरीकडं गेल्याचंसुद्धा. हे सगळं ऐकून तू पोटात ठेवलंस, त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले होते. ते आज मानते.

आता रागावते. त्याच काठावर तुझ्या नावानं आम्हाला भिववलं गेलं. दुपारी नदीवर जाऊ नको, आसरा धरतील. केस मोकळे सोडू नको, आसरा लागतील. एखादी पोर गप्प झाली, हसायला लागली, लग्नाला नको म्हणाली, की आसरा लागल्या. तिला काय हवंय हे कुणी विचारलं नाही, उतारा काढला आणि मोकळे झाले. तुझं नाव असं वापरलं गेलं आणि तू पाण्यात स्वस्थ बसलीस. एकदा तरी वर येऊन सांगायचंस, की या पोरीला मी धरलेलं नाही, तिचं तिला ठरवू द्या.

रेणुकेच्या वेळीही तू तिथंच असणार. हीच मलप्रभा, खाली सौंदत्तीकडं. ती रोज वाळूची घागर घडवायची, सापाची चुंबळ करून पाणी न्यायची. एके दिवशी चित्ररथ गंधर्व आपल्या बायकांबरोबर जलक्रीडा करताना तिनं पाहिला, क्षणभर मन हललं आणि घागर घडेना. तेवढ्यासाठी नवऱ्यानं, जमदग्नीनं, पोटच्या लेकाकडून तिचं डोकं उडवलं. तीच आज यल्लम्मा. मराठी आणि कानडी दोन्ही भाषांतली माणसं तिच्या डोंगरावर जातात, आणि 1972 मध्ये मलप्रभेवर पुऱ्या झालेल्या धरणाच्या जलाशयाला रेणुकासागर म्हणतात. पाण्याकडं पाहिलं म्हणून जिला मारलं, तिच्याच नावाचं एवढं पाणी! याहून मोठी कथा कुठल्या परदेशी देवीची आहे ते मला दाखवावं.

आणि मकरीचं काय? लंका जाळून आलेल्या मारुतीच्या घामाचा थेंब मगरीनं गिळला, मकरध्वज जन्मला. लेकाचं नाव राहिलं, आईला नावही मिळालं नाही. थायलंडच्या रामायणात पाहा, रावणाची लेक सुवर्णमच्छा सेतू मोडायला येते, हनुमानाशी झुंजते, त्याच्यावर जीव जडवते. तिची चित्रं तिथली दुकानदार मंडळी शुभ म्हणून टांगतात. आमच्या मगरीचं मन कुणी लिहायचं?

म्हणून विनंती. तू आता मराठी कादंबरीत ये. भीती घालायला येऊ नकोस, नायिका होऊन ये. प्रेम कर, अटी घाल, जमलं तर राहा आणि नाही जमलं तर बहिणींकडं परत जा. खानापूरच्या रानातलं पाणी, इथली बोली, इथली ओटी सगळं बरोबर घे. भाचीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, मग लिहीत का नाही कुणी? तिला मी एक वही आणून दिलीय.

हे पत्र उघडं ठेवतेय ते तिच्यासारख्या सगळ्यांसाठी. पोरींनो, परक्या समुद्रातल्या कथा खुशाल वाचा. पण गावात एखादी म्हातारी असेल तर तिच्याकडून या सात जणींची नावं आणि गोष्टी आत्ताच उतरवून घ्या. नळ आल्यापासून विहिरीवर कुणी जात नाही, आणि सातही नावं सांगू शकणाऱ्या बायका आमच्याकडं फार थोड्या उरल्या आहेत.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

तुझी,
गुंजीची एक वाचक