वीणा नुसती धरायची नसते

बैल घ्यायचा झाला तर आपण दोन-चार बाजार हिंडतो. दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून पाहतो आणि एखादा जाणता माणूस बरोबर नेतो. बियाणे घ्यायचे झाले तर मूठभर तळहातावर घेऊन निरखतो. पण गावच्या सप्त्यासाठी वीणा घ्यायची झाली, की वर्गणीचे पैसे कोणा एकाच्या हाती देतो आणि सांगतो, "तालुक्याला चाललाच आहेस, तर येताना एक चांगलीशी वीणा घेऊन ये." तो बापडा नक्षी पाहतो, पॉलिश पाहतो आणि घेऊन येतो. वीणेला हळदकुंकू लागते, हार पडतो, आणि सात दिवस ती या खांद्यावरून त्या खांद्यावर जाते. ती वाजते कशी, हे कोणी विचारीत नाही.

मी शेतकरी आहे, गवई नव्हे. पण गेली बरीच वर्षे आमच्या गावच्या सप्त्यात वीणा लावण्याचे काम माझ्याकडे आहे. त्या कामात जे हाताला आणि कानाला कळले, ते तुम्हांला सांगावेसे वाटते.

सप्त्यात पखवाजाला पखवाजी लागतो, पेटीला पेटीवाला लागतो, कीर्तनाला बुवा लागतात. टाळ धरायचा तरी थोडा ताल अंगात असावा लागतो. वीणेला यातले काहीच लागत नाही. पहारा आपल्याकडे आला, की समोरच्याला नमस्कार करायचा, वीणा गळ्यात घ्यायची आणि बोटांनी चार तारा एकामागून एक छेडीत राहायचे. डाव्या हाताने कुठे दाबायचे नाही, कुठला सूर शोधायचा नाही. ज्याने जन्मात कधी गाणे म्हटले नाही, असा माणूसही रात्री दोनच्या पहाऱ्याला वीणा घेऊन उभा राहतो. ती आधी कोणी नीट लावलेली असेल, तर त्याच्या बोटांतून अगदी खरा सूर निघतो. लावलेली नसेल, तर मोठा गवईसुद्धा तिच्यातून सूर काढू शकणार नाही. म्हणून मी म्हणतो, वीणा लावणे ही ज्यांना गाता येत नाही त्यांची सेवा आहे.

आता वीणा म्हणजे काय ते पाहू. आपली भजनाची वीणा म्हणजे लहान चणीचा तंबोराच. तिला चार तारा. पहिली पंचमाची, मधल्या दोन षड्जाच्या, म्हणजे जोडीच्या, आणि चौथी सर्वांत जाड, खर्जाची. जोडीची तार जितक्या वेळा कंप पावते, त्याच्या बरोबर निम्म्या वेळा खर्जाची तार कंप पावते. काळी तीनच्या पट्टीत लावली, तर जोडीची तार सेकंदाला सुमारे १८५ वेळा हलते आणि खर्जाची सुमारे ९२ वेळा. जत्रेतल्या ऑर्केस्ट्रात एक बास गिटार असते. तिलाही बहुधा चारच तारा, आणि सर्वांत जाड तार सेकंदाला अवघी ४१ वेळा हलते. तिच्याकडे कोणाचे लक्ष नसते, पण ती थांबली की गाणे पोकळ वाटते. भजनात खर्ज तेच काम करतो. घराचा पाया कोणी पाहायला जात नाही, पण भिंती त्याच्यावरच उभ्या असतात.

आपल्या राज्यात या वाद्यांचे माहेरघर मिरज. तिथले शिकलगार मूळचे हत्यारे घडवणारे आणि त्यांना धार लावणारे कारागीर. एकोणिसाव्या शतकात तलवारींचे दिवस सरले, तेव्हा त्यांचे हात सतारी आणि तंबोरे घडवण्याकडे वळले. पुढे काही घराण्यांचे आडनावच सतारमेकर झाले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण त्या तंबोऱ्याचा भोपळा पिकवतो शेतकरीच. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला हा मोठा कडू भोपळा लावतात. तो वेलावरच जून होऊ द्यायचा आणि पुरता वाळवायचा. मग कारागीर तो कापतो, आतला गर आणि बिया काढतो आणि त्यावर लाकडाची तबली बसवतो. म्हणजे वीणेचा आवाज आधी शेतात तयार होतो.

घेताना काय पाहावे? पहिला भोपळा. बोटाच्या पेराने सगळीकडून हलकेच टकटक करा. आवाज सगळीकडे सारखा यावा. एखाद्या जागी बसका आवाज आला, तर तिथे चीर असते किंवा आतून चिकटपट्टी असते. शेजारच्या एका गावाने चकचकीत वीणा आणली. दोन महिन्यांत पॉलिश सुटले आणि खालची चीर उघडी पडली. तेव्हा रंगाला भुलू नका. किड्याने पाडलेली बारीक भोके आहेत का, तेही पाहा.

दुसरी दांडी. औताची दांडी जशी एक डोळा मिटून पाहतो, तशीच ही पाहा. बाक नसावा. दांडी आणि भोपळा जिथे जुळतात तो गळा, तिथे नख जाईल एवढीसुद्धा फट नको. लाकूड बहुधा तुनाचे असते, हलके आणि वाळलेले. ओले लाकूड पुढे पीळ खाते.

तिसरी गोष्ट खुंट्या. खुंटी फिरवताना ती ना कचकच करावी, ना भसकन सुटावी. तार चढवून पाच मिनिटे थांबा. आपोआप उतरली, तर खुंटी भोकात नीट बसलेली नाही. थोडी घसरत असेल, तर खडू चोळला की भागते. फार ढिली असेल, तर तशी वीणा घेऊ नका.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. तिला म्हणतात जवारी. नाव ऐकून हसू नका, ही आपल्या शेतातली ज्वारी नव्हे. तारा ज्या रुंद घोडीवरून जातात, तिचा माथा सपाट दिसला तरी त्याला अगदी बारीक उतार दिलेला असतो. तार हलताना त्या उतारावर हलकेच घासते आणि आवाजाला गुंजन येते. कारागीर ही जवारी कानस आणि पॉलिश कागदाने, ऐकत ऐकत काढतो. आपण मात्र घोडीवर कानस चालवू नये. आपले काम सुताचे. प्रत्येक तारेखाली घोडीवर एक सुती दोरा सरकवतात. एका हाताने तार छेडीत राहा, दुसऱ्या हाताने दोरा केसभर पुढे-मागे करा. एका जागी तार एकदम बोलू लागते, मधमाशा घोंगावाव्यात तशी. दोरा तिथेच ठेवा. दुकानात हे करून पाहा. खर्जाची तार एकदा छेडा आणि गप्प उभे राहा. तिचा आवाज बराच वेळ टिकला आणि सावकाश विरला, तर वीणा चांगली. लगेच मेला, तर नक्षी कितीही असो, पुढचे दुकान गाठा.

आता लावायची कशी? सप्त्यात पेटी असते आणि पेटीचे सूर कारखान्यातच ठरलेले असतात. म्हणून वीणेने पेटीकडे यायचे. आधी जोडीची एक तार पेटीच्या सा-ला मिळवा. मग दुसरी तिच्याशी. कान तयार नसेल, तर ही खूण धरा: दोन्ही तारा एकदम छेडल्यावर आवाजात हेलकावा येतो, झोका हलावा तसा. खुंटी फिरवाल तसा तो मंद होतो. हेलकावा थांबला की जोड जुळली. मग खर्ज, म्हणजे तोच सा, खालच्या सप्तकातला. शेवटी पंचम. सा काळी तीनवर असेल, तर त्याच सप्तकातली काळी एक हा तुमचा पंचम. राहिलेला बारीक फरक घोडीखालच्या मण्यांनी काढायचा. मणी खाली सरकवला की सूर किंचित चढतो, वर घेतला की उतरतो.

पण सा कुठला धरायचा, हा खरा प्रश्न. आमच्या गावात पूर्वापार काळी पाचची पट्टी. वरच्या सुरात गाणारे तीन-चार तरणे गळे होते, त्यांचे भजन रंगायचे. बाकीची मंडळी टाळ वाजवीत नुसते ओठ हलवायची. म्हाताऱ्या आबांनी तर गाणेच सोडले होते. तरुणपणी त्यांचा आवाज वेशीपर्यंत जायचा, पण आता तो चढत नव्हता. मंडळाच्या बैठकीत बराच वाद झाला. पट्टी उतरवली तर भजन पडेल, असे तरुणांचे म्हणणे. शेवटी एक दिवस करून पाहायचे ठरले. मी वीणा काळी तीनला लावली. त्या संध्याकाळी हरिपाठाला आबा उभे राहिले आणि शेवटच्या अभंगापर्यंत गायले. मागे बसलेल्या माणसांचेही आवाज निघाले. भजन पडले नाही, उलट भरले. त्या दिवसापासून आमची पट्टी तीच आहे. पट्टी ठरवणे म्हणजे कोणाला गाऊ द्यायचे हे ठरवणे, एवढे ध्यानात ठेवा.

सप्ता सुरू झाल्यावरही लक्ष हवे. पहाटेच्या गारठ्यात तार आवळते आणि सूर चढतो. दुपारी मांडव तापला की ती सैल पडते, उन्हाळ्यात विजेच्या तारा लोंबतात तशी. वीणा खाली ठेवायची नाही, तेव्हा पहारा बदलताना दोघांनी मिळून काम करावे. एकाने धरावी, दुसऱ्याने खुंटी फिरवावी. दोन मिनिटांचे काम आहे. हार खुंटीकडच्या बाजूला बांधा. घोडीवर ओली फुले टाकली, तर सूत भिजते आणि जवारी बसते. घामाने तारा गंजतात, म्हणून कोरड्या फडक्याने पुसत जा. दरवर्षी सप्त्याआधी तारा बदला, पण एक काढली की तिच्या जागी एक लावा. चारही एकदम सोडल्या, तर घोडी जागची हलते. सप्ता उठल्यावर तारा थोड्या उतरवून, कापडात गुंडाळून, ओल आणि उंदीर पोहोचणार नाहीत अशा जागी ठेवा.

कोणी म्हणेल, आता डब्यातला तंबोरा मिळतो, मोबाईलवरही मिळतो, मग ही यातायात कशाला? सूर ऐकायला तो डबा चांगला आहे, रियाजाला जरूर वापरावा. वीणा लावतानासुद्धा तो उपयोगी पडतो. पण पहाऱ्याला आलेल्या माणसाच्या गळ्यात डबा घालता येत नाही. दिवसभर खुरपलेल्या हातांनी मध्यरात्री चार तारा छेडायच्या आणि त्यांतून सबंध मांडव भरून टाकायचा, हे समाधान त्याला वीणाच देते.

तेव्हा यंदा वीणापूजनाच्या आदल्या संध्याकाळी तासभर देवळात बसा. पेटीवाल्याला बोलवा. गावातल्या सर्वांत जुन्या गळ्याला विचारा, पट्टी कुठली झेपेल. आणि शाळेत जाणारी दोन मुले, एक मुलगा आणि एक मुलगी, शेजारी बसवून त्यांना खुंटी फिरवायला शिकवा. हेलकावा थांबलेला त्यांना ओळखता आला, की तुमच्या गावच्या वीणेची काळजी मिटली.