कुठून किती

तारकर्लीच्या एका काकींनी घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या आहेत. त्यांच्या निवास-न्याहारीची वेबसाइट मी केली. ऐन मे महिन्यात त्यांचा फोन आला. "बाबू, ता बटण दाबलंय काय तारखांचो चौकोन वर खय तरी उघडता. पावण्यांका गावना नाय." मागोमाग स्क्रीनशॉट आला. 'तारखा निवडा' हे बटण पडद्याच्या मध्यावर होतं आणि कॅलेंडर पार वर, पानाच्या माथ्यावर घराच्या नावाला झाकून बसलेलं. मे महिन्यातला पाहुणा तारखा दिसल्या नाहीत तर थांबत नाही, शेजारच्या घराचा नंबर फिरवतो. मी हातातलं काम बाजूला ठेवलं.

पानावरची एखादी वस्तू पडद्यावर नेमकी कुठे आहे, हे स्क्रिप्टमधून विचारून घेणं हे माझं रोजचं काम. बटणाखाली कॅलेंडर उघडायचं, शब्दाशेजारी अर्थाचा फुगा दाखवायचा, तर आधी ठिकाण लागतं. ठिकाण म्हणजे दोन आकडे: डावीकडून किती पिक्सेल आणि वरून किती. ब्राउझर हे आकडे लगेच देतो. ते कुठून मोजलेत, हे मात्र आपल्याला ठाऊक असावं लागतं.

'कुठून' हा शब्द मला बाबांनी दिला. ते मालवणहून लहान होडीने मासेमारीला जात. होडीत जीपीएस यायच्या आधीची गोष्ट. पाण्याखालच्या ज्या खडकाभोवती मासा मिळायचा, तो खडक ते जमिनीकडे बघून शोधत. देवळाचं शिखर मागच्या डोंगरावरच्या एकट्या झाडाखाली आलं, की ती एक रेषा. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बुरुजाची कड मागच्या किनाऱ्यावरच्या एका घराला लागली, की ती दुसरी. दोन्ही एकाच वेळी जुळल्या की गळ सोडायचा. आपण पाण्यातच खूण का करत नाही, असं मी लहानपणी विचारलं होतं. "दर्यात खुणो ऱ्हवत नाय. खुणो जमनीर," एवढंच म्हणाले आणि वल्हं हातात घेतलं.

काकींच्या पानात माझी पहिली चूक हीच होती: आकडा कुठून मोजलाय, हे मी पाहिलं नव्हतं. बटणाला मी ऑफसेट-टॉप विचारला होता. उत्तर आलं १८. उत्तर खरं होतं. पण हे १८ पिक्सेल खोलीच्या माहितीच्या चौकटीपासून मोजलेले होते, आणि ती चौकट स्वतः पानाच्या माथ्यापासून बरीच खाली होती. ऑफसेट-टॉप फक्त जवळच्या वडीलधाऱ्यापासूनचं अंतर सांगतो. त्या वडीलधाऱ्याला ऑफसेट-पेरेंट म्हणतात. आमच्याकडे पत्ता सांगतात, "वाडीत शिरलास की तिसरा घर." वाडी कुठली हे ज्याला माहीत, त्याला तेवढा पत्ता पुरतो. बाकीच्याला वाडीपासून गाव, गावापासून तालुका असं चढत जावं लागतं.

ही चढण आमच्या पिढीने पाठ केली होती. १९९७ साली इंटरनेट एक्सप्लोररच्या चौथ्या आवृत्तीत ही ऑफसेटची मंडळी आली. त्याच वर्षीच्या नेटस्केपची रीत निराळी, त्यामुळे एकाच पानासाठी दोन-दोन स्क्रिप्टा लिहाव्या लागत. पुढे ॲमस्टरडॅमच्या पीटर-पॉल कॉख यांनी 'फाइंडपॉस' नावाची काही ओळींची युक्ती लोकांपुढे ठेवली: वस्तूचं अंतर घ्या, तिच्या वडीलधाऱ्याकडे जा, त्याचं अंतर मिळवा, वर कोणी उरत नाही तोवर चालत राहा. मी ती इतक्या वेळा लिहिली आहे की आजही बोटं आपोआप ती ओळ काढतात. काकींच्या पानातही मी तीच घातली. माझ्या लॅपटॉपवर कॅलेंडर बटणाखाली चपखल बसलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा स्क्रीनशॉट. पहिल्या खोलीचं कॅलेंडर ठीक होतं, दुसऱ्या खोलीचं पडद्याच्या उजव्या कडेबाहेर गेलेलं. फोनवर खोल्यांच्या चौकटी एका आडव्या पट्टीत आहेत, बोटाने सरकवून बघायच्या. पट्टी ३२८ पिक्सेल डावीकडे सरकली होती आणि माझी बेरीज हे सरकणं धरतच नव्हती. ऑफसेटची साखळी मांडणीतलं अंतर सांगते. मधल्या एखाद्या चौकटीतला मजकूर बोटाने किती सरकवला, ते त्यात येत नाही. आधीच्या स्क्रीनशॉटवर मोजपट्टी धरून मोजायला गेलो तेव्हा आणखी एक गोंधळ झाला: चित्र ७२० पिक्सेल रुंद, तर स्क्रिप्ट म्हणे पडदा ३६० चा. त्या फोनवर पानाचा एक पिक्सेल म्हणजे रुंदीत काचेवरचे दोन ठिपके. हे माहीत असूनही दरवेळी नव्याने आठवावं लागतं.

मग मी गेट-बाउंडिंग-क्लायंट-रेक्टकडे वळलो. नाव लांबलचक आहे, पण मला हे साधन फार आवडतं. मायक्रोसॉफ्टने ते १९९९ च्या इंटरनेट एक्सप्लोरर ५ मध्ये आणलं. फायरफॉक्सने २००८ मध्ये तिसऱ्या आवृत्तीत घेतलं, आणि त्याच वर्षी ते मानकाच्या मसुद्यात आलं. ते वडीलधाऱ्यांची साखळी आपल्यावर सोपवत नाही. सगळं सरकणं, फिरवणं, लहानमोठं करणं धरून, वस्तू या क्षणी पडद्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यापासून किती अंतरावर आहे, ते सांगतं.

'या क्षणी' हे महत्त्वाचं. मालवणच्या धक्क्यावर किल्ल्याकडे जाणारी होडी लागते. भरतीला नुसतं पाऊल टाकलं की होडीत. ओहोटीला तीच होडी खाली गेलेली असते, हात धरून उतरावं लागतं. होडी पाण्यावर जशीच्या तशी आहे, बदललं ते धक्क्यापासूनचं अंतर. पडदा हा धक्का, पान हे पाणी. बटण पानावर जागचं हललेलं नसतं, तरी पान बोटभर सरकवलं की रेक्टचा आकडा बदलतो. बटण वर निघून गेलं तर आकडा उणे होतो. कॅलेंडर पानाच्या माथ्यापासून मोजून ठेवायचं असेल, तर रेक्टमध्ये पान किती सरकलंय ते मिळवायचं. एवढी एक बेरीज.

या साधनाने मला एकदाच अडवलं. काकींच्या जेवणाच्या पानावर मी काही शब्दांवर अर्थ ठेवला आहे: तिरफळ, घावणे, वडे-सागोती. एका फोनवर 'वडे' ओळीच्या शेवटी आणि 'सागोती' पुढच्या ओळीच्या सुरुवातीला पडलं. रेक्टने दोन्ही तुकडे सामावणारा एकच मोठा आयत दिला. त्याचा मध्य भलत्याच शब्दांवर, आणि अर्थाचा फुगा तिकडे बोट दाखवत उभा. तिथे गेट-क्लायंट-रेक्ट्स वापरावं लागतं. ते प्रत्येक तुकड्याचा आयत वेगळा देतं. मी पहिला घेतो.

आणि ठिकाण कळलं म्हणजे वस्तू दिसेलच असं नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याचा दिल्ली दरवाजा होडी अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही, बुरुज त्याला झाकून घेतात. पानाच्या माथ्याला चिकटलेली पट्टीही तशीच एखादं बटण झाकते, आणि रेक्ट मात्र निमूटपणे खरं ठिकाण सांगत राहतं. त्या ठिपक्यावर सर्वांत वर कोण आहे, हे एलिमेंट-फ्रॉम-पॉइंटला वेगळं विचारावं लागतं.

हे सगळं करूनही काकींचा तिसरा फोन आला. कधी बरोबर उघडतं, कधी नाही. 'कधी' हा शब्द आला की मी लांबून दुरुस्ती करत नाही. लॅपटॉप आणि केबल घेऊन तारकर्ली गाठली, पडवीत बसलो, त्यांचा फोन जोडला. रेंज एक-दोन काड्यांची. पान उघडलं, काकींनी लगेच बटण दाबलं, कॅलेंडर बरोबर बटणाखाली आलं. मी आकडा वाचला: बटणाची खालची कड ४१२. दोन सेकंदांनी माझ्या डोळ्यांदेखत बटण वर सरकलं आणि कॅलेंडर जागच्या जागी राहिलं. पुन्हा विचारलं: ३७१.

अक्षरांचा टाइप उशिरा आला होता. तो येईपर्यंत फोनने स्वतःच्या देवनागरी अक्षरांत घराचं लांब नाव तीन ओळींत मांडलं. माझा टाइप आल्यावर ते दोन ओळींत मावलं. एक ओळ गेली, खालचं सगळं ४१ पिक्सेल वर आलं. असं होतं, कारण प्रत्येक टाइप अक्षरांना रुंदी निराळी देतो. थोड्या वेळाने थाळीचा फोटो आला आणि त्याने सगळं परत खाली ढकललं. त्याची रुंदी-उंची मी पानात लिहिली नव्हती, म्हणून फोनने त्याच्यासाठी जागाच राखली नव्हती. माझ्या खोलीतल्या वेगवान जोडणीवर टाइप आणि फोटो इतक्या लवकर येत की हे मला कधी दिसलंच नसतं.

मी आकडा एकदा घेऊन धरून ठेवत होतो. आता कॅलेंडर उघडं असेतोवर, टाइप आला की, पानाची उंची बदलली की, पट्टी सरकली की, स्क्रिप्ट पुन्हा विचारते आणि मगच कॅलेंडर हलवते. सारखं विचारणंही बरं नाही. मांडणीत बदल करून लगेच आकडा मागितला, की ब्राउझरला सगळी मांडणी त्याच क्षणी नव्याने मोजावी लागते, आणि स्वस्तातल्या फोनवर पान अडखळू लागतं. म्हणून आधी सगळे आकडे वाचून घ्यायचे, नंतर एकदाच हलवायचं.

काकींनी फोन हातात घेतला. पान पूर्ण यायच्या आधीच बटण दाबलं. नाव तीन ओळींचं दोन ओळींचं झालं, बटण वर गेलं, कॅलेंडर त्याच्याबरोबर गेलं. त्यांनी पट्टी डावीकडे सरकवली, पान वर-खाली केलं, कॅलेंडर बटण सोडीना. "आता बरा," म्हणाल्या, आणि आत जाऊन सोलकढीचा पेला घेऊन आल्या. मग म्हणाल्या, थाळीचा फोटो लहान दिसतो, सुरमई नीट दिसत नाही, मोठा घाल. मी लॅपटॉप परत उघडला आणि फोटोच्या ओळीत आधी आकडे लिहिले: रुंदी १२००, उंची ८००.